स्त्री-खतन्याविरुद्धचा लेख : अंगावर काटा आणतो, पण पटवतो का?

मुक्ताई_के :

मी पदवीच्या मुलांना निबंध आणि वादविवाद शिकवते. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीचा स्त्री-खतन्याविरुद्धचा, म्हणजे मुलींच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या प्रथेविरुद्धचा, लेख तपासायला आला. पहिलं पान वाचून मी वही मिटली, खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि मग पुढचं वाचलं. लेखणीत जोर आहे पोरीच्या. तरी समासात मी बऱ्याच खुणा केल्या आणि ती हिरमुसली. "मॅडम, ह्या विषयाला दुसरी बाजू असते का?" म्हणाली.

दुसरी बाजू नाही. लहान मुलीच्या निरोगी शरीराचा भाग कापायचं कुठलंही कारण मला मान्य नाही, आणि हा धागा त्यासाठी नाहीच. पण ज्या युक्तिवादावर इतक्या मुलींचं पुढचं आयुष्य ठरणार, तो लंगडा राहिला तर लिहिणारीचे दोन मार्क जातात, भोगावं मात्र त्या मुलींना लागतं. म्हणून तिच्या परवानगीने लेखाचा सांगाडा इथे मांडते आहे.

सुरुवात अशी : "डोळे मिटा. तुम्ही सात वर्षांच्या आहात. आजी म्हणते, चल, तुला नवा फ्रॉक घ्यायचाय." मग अंधारी खोली, चार जणींचे हात, पातं. मग २३ कोटी हा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेचं मत. "कोणत्याही धर्मात हे सांगितलेलं नाही" असं एक ठाम वाक्य. मग प्रश्न : "स्वतःच्या लेकीला हे करणारीला आई म्हणायचं का?" आणि शेवटी कडक कायद्याची मागणी.

आता माझ्या खुणा.

प्रसंग प्रभावी आहे. २३ कोटींसाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, एका मुलीसाठी येतं. पण 'तुम्ही' म्हणून ती ज्या वाचकाला त्या खोलीत नेते, त्याच्या घरात हा निर्णय कधी व्हायचाच नसतो. त्याला काटा येतो, राग येतो, तो पान उलटतो. ज्या घरात निर्णय व्हायचा आहे तिथली बाई ह्या प्रसंगात कुठे आहे? आहे, पण फक्त हात म्हणून. चार जणींचे हात. त्यांना तोंड नाही, नाव नाही, त्यांच्या वाट्याला एक वाक्यही नाही.

आकड्याचं म्हणाल तर, २३ कोटींहून अधिक मुली आणि स्त्रियांचा खतना झालेला आहे असं युनिसेफने २०२४ साली मांडलं. २०१६ मध्ये त्यांचाच आकडा २० कोटी होता. इथवर ठीक. तिने त्यावरून "प्रथा झपाट्याने फोफावते आहे" असं काढलं, ते चूक. लोकसंख्या वाढली, शिवाय आधी मोजणीत नसलेल्या ठिकाणांची माहितीही आली. केनियात १९९८ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ३८ टक्के स्त्रियांचा खतना झालेला होता, २०२२ मध्ये १५ टक्के. सोमालियात मात्र अजूनही ९९ टक्के. एकाच बेरजेत ह्या दोन्ही गोष्टी दडून जातात. "काही ठिकाणी कमी होतंय" असं लिहिलं की लेखाची धार जाईल, अशी तिला भीती वाटली. मला उलट वाटतं. ही प्रथा सुटते, हे दाखवणारं केनियाहून बोलकं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

आणि तो आईवरचा प्रश्न मी लाल शाईने खोडलाच. का, ते सांगेन. आधी तुमची मतं येऊ देत.

रानवारा :

मुक्ताई, नाही पटलं. धक्का दिल्याशिवाय जग जागं होत नाही. वारिस डिरी आठवा. सोमाली भटक्या कुटुंबातली मुलगी, पुढे जगभर गाजलेली मॉडेल. १९९७ साली तिने आपल्यावर लहानपणी काय झालं ते उघड सांगितलं आणि संयुक्त राष्ट्रांनी तिला ह्या विषयावरची खास दूत नेमलं. तोवर किती लोकांनी हा विषय ऐकला तरी होता? अंगावर काटा येणं ही पहिली पायरी आहे, ती गाळून दुसरीवर कसं जाणार? तुमच्या विद्यार्थिनीने तेच केलंय. तिचा प्रसंग कापू नका.

मुक्ताई_के :

रानवारा, प्रसंग कापायला मी सांगितलेलं नाही. पण वारिस डिरी 'मी' म्हणते. तिच्या अंगावर घडलेलं आहे, त्यामुळे ते खोडून काढायची सोय कोणाला नाही. ॲरिस्टॉटलने पटवण्याची तीन साधनं सांगितली, बोलणाऱ्याचा अधिकार, ऐकणाऱ्याची भावना आणि खुद्द तर्क. तिच्या बाबतीत पहिली दोन एकाच वाक्यात येतात. माझ्या विद्यार्थिनीकडे तो अधिकार नाही, म्हणून 'तुम्ही' म्हणून तो उसना आणला आहे. उसनं आणलेलं समोरच्याला लगेच कळतं. "तुला काय माहीत आमचं?" एवढं कोणी विचारलं की सगळा डोलारा खाली.

डॉ_शाल्मली :

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून दोन गोष्टी.

पहिली. जागतिक आरोग्य संघटना खतन्याचे चार प्रकार मानते. पहिल्यात शिश्निकेचा (क्लिटोरिसचा) किंवा तिच्यावरच्या त्वचेचा भाग काढतात. दुसऱ्यात आतले ओठही जातात. तिसऱ्यात योनिमार्गाचं तोंड शिवून किंवा जुळवून अरुंद करतात. चौथ्यात टोचणं, चिरणं, डागणं असं बाकीचं सगळं. लेखात बहुधा तिसरा प्रकारच रंगवलेला असणार, कारण वर्णनाला तो सर्वांत भयानक. पण जिच्याकडे पहिला किंवा चौथा प्रकार चालतो ती बाई हे वाचून निर्धास्त होते. "आमच्यात असलं काही नसतं, आमचं अगदी थोडंसं असतं." टोकाचं उदाहरण सगळ्यांवर लादलं की निसटायला वाट आपणच करून देतो. आरोग्य संघटनेने चारही प्रकार हक्कभंग मानले आहेत. का मानले, हे सांगणं रक्ताच्या वर्णनापेक्षा अवघड आहे, पण पटवायचं असेल तर तेच सांगावं लागेल.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. आम्ही डॉक्टर मंडळी नेहमी हानीचा मुद्दा पुढे करतो. तो खराच आहे. २००६ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास आला, सहा आफ्रिकी देशांतल्या २८,३९३ बाळंतिणींचा. खतना झालेल्यांमध्ये सिझेरियन जास्त, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव जास्त, आणि दर शंभर बाळंतपणांमागे एक-दोन जास्तीची बाळं दगावतात असा अंदाज. पुरावा भक्कम आहे. पण फक्त ह्याच पुराव्यावर उभं राहिलं की आई काय निष्कर्ष काढते? "म्हणजे दाईकडे नको, डॉक्टरकडे नेऊ." इजिप्तमध्ये नेमकं तेच झालं. तिथे आज बहुतेक खतने डॉक्टर-नर्सच्या हातून होतात. आमच्याच युक्तिवादाने आमच्याच हातात पातं दिलं. म्हणून "धोका आहे" ह्याच्या शेजारी "तिचं शरीर तिचं आहे आणि ती सात वर्षांची आहे" हेही यायला हवं. भूल देऊन, हातमोजे घालून केलं तरी ते बदलत नाही.

पुरातन_पाने :

शाल्मलीताईंचा प्रतिसाद कापून ठेवावा असा आहे. इजिप्तचा विषय निघालाच आहे तर थोडं आणखी, कारण रानवारा ह्यांच्या धक्क्याच्या मुद्द्यालाही ते लागू पडतं.

सप्टेंबर १९९४. कैरोत लोकसंख्येवरची जागतिक परिषद भरली होती, आणि त्याच दिवसांत सीएनएनने कैरोतल्या एका दहा वर्षांच्या मुलीचा खतना पडद्यावर दाखवला. जग हादरलं. सरकारने बंदीचं आश्वासन दिलं. पण देशात "आमची जगासमोर बेअब्रू केली" हा राग उसळला, धर्मगुरूंतले काही प्रथेच्या बाजूने उभे राहिले, आणि आरोग्यमंत्र्यांनी बंदीऐवजी सरकारी दवाखान्यांतच खतना करायला परवानगी दिली! ती पुढे मागे घेतली, १९९६ ला बंदीचा आदेश निघाला, त्यातही वैद्यकीय कारणाची फट राहिली. २००७ मध्ये एक बारा वर्षांची मुलगी दवाखान्यात दगावली तेव्हा ती बुजवली, आणि २००८ मध्ये कायदा झाला. धक्क्याने काम सुरू केलं हे खरं. पण परक्याने दिलेला धक्का आणि आपल्यातल्या मुलीचा मृत्यू, ह्यांतलं अंतर बघा.

केनियाचा धडा तर फार कडू आहे. १९२९ च्या सुमारास स्कॉटिश मिशनऱ्यांनी किकुयू लोकांना सांगितलं, खतन्याला विरोध असल्याचं जाहीर करा, नाहीतर चर्च सोडा. लोकांनी चर्च सोडली. मिशनच्या शाळा सोडून स्वतःच्या शाळा काढल्या, मिशनऱ्यांची टिंगल करणारी मुथिरिगू गाणी गावोगाव नाचत गायली. खतना हा परकीय सत्तेविरुद्धचा झेंडा होऊन बसला. जोमो केन्याटांनी १९३८ मध्ये मानववंशशास्त्राचा ग्रंथ लिहिला, त्यात ह्या प्रथेचं समर्थन आहे. पुढे ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९५६ मध्ये मेरू भागात पुरुष वडीलधाऱ्यांच्या मंडळाने बंदी घातली तेव्हा मुलींनी एकमेकींचा खतना पात्यांनी केला. त्यांना नाव पडलं 'न्गाइताना', म्हणजे 'माझं मीच करून घेईन'. मुली होत्या त्या, ज्यांना वाचवायचं होतं त्याच.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. "तुम्ही रानटी आहात" एवढंच ज्याला ऐकू येतं, त्याच्यापुढे बाकी सगळा तर्क फुकट जातो.

निखिल_जी :

एक शंका, प्रामाणिकपणे विचारतोय. मुलग्यांची सुंता जगभर चालते. श्रीमंत देशांत प्रौढ बायका पैसे देऊन तिथली कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करून घेतात. हे मुद्दे समोरचा काढणारच. लेखात त्यांना उत्तर आहे का?

मुक्ताई_के :

नाही, आणि ती मोठी उणीव आहे. फुआंबाई अहमदू ह्या सिएरा लिओन वंशाच्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ आहेत. त्या मोठ्या वयात, स्वतःच्या इच्छेने ह्या विधीतून गेल्या, आणि 'विच्छेदन' ह्या शब्दाला त्यांचा ठाम विरोध आहे. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. पण त्या अस्तित्वातच नाहीत असं धरून लिहिलेला लेख त्यांची पहिली मुलाखत वाचणाऱ्या वाचकासमोर आडवा होतो. त्यांना द्यायचं उत्तर त्यांच्याच गोष्टीत आहे. त्या प्रौढ होत्या, त्यांना विचारलं गेलं, नाही म्हणायची सोय होती. सात वर्षांच्या मुलीला ह्यातलं काय मिळतं? कॉस्मेटिक शस्त्रक्रियेलाही हेच लागू. मुलग्यांच्या सुंतेबद्दल मी इतकंच म्हणेन की तो प्रश्न कोणाला गंभीर वाटत असेल तर त्याने मांडावा. पण "तिकडेही चालतं" म्हटल्याने इकडचं योग्य ठरत नाही.

धर्माच्या वाक्याचंही सांगून टाकते. कुराणात खतन्याचा उल्लेख नाही हे खरं. इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिश्चनांतही हे चालत आलं, म्हणजे तो एका धर्माचा मामला नव्हे. पण समर्थक एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं म्हणून सांगितलं जाणारं वचन, पुढे करतात, तिच्या विश्वासार्हतेवर विद्वानांत वाद आहे, आणि इस्लामी कायद्याच्या शाफई परंपरेत पुष्कळांनी ते आवश्यक मानलं आहे. "कोणत्याही धर्मात नाही" हे वाक्य गावातला पहिला मौलवी खोडून काढेल आणि त्याबरोबर अख्खा लेख जाईल. त्यापेक्षा २००६ मध्ये कैरोतल्या अल-अझर ह्या इस्लामी विद्यापीठात जमलेल्या विद्वानांनी ह्या प्रथेला विरोध केला, असं लिहावं. ते म्हणणारी माणसं आतली आहेत.

सारा_ब :

बरेच दिवस फक्त वाचत होते. आज लिहिते.

मी बोहरा आहे. सात वर्षांची असताना माझं झालं. जास्त सांगणार नाही. छतावरचा पंखा आठवतो, एक पातं थोडं वाकलेलं होतं आणि फिरताना टकटक वाजायचं. मम्मी माझा हात धरून होती. घरी आल्यावर तिने मला सरबत दिलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. हे मला खूप वर्षांनी मावशीने सांगितलं.

आमच्यात त्या भागाला 'हराम की बोटी' म्हणायचे. लहानपणी तो शब्द ऐकला की वाटायचं, आपल्या अंगात काहीतरी घाण आहे ती काढून टाकली, बरं झालं. पटवण्याच्या पद्धतींबद्दल बोलताय ना, तर ही बघा. दोन शब्दांत सगळं काम होतं, पुरावा लागत नाही.

मोठी झाल्यावर मी मम्मीला एक लेख वाचायला दिला. मुक्ताईंच्या विद्यार्थिनीचा आहे तसाच, त्यात 'राक्षसी' असा शब्द होता. मम्मीने दोन परिच्छेद वाचले, घडी घातली, म्हणाली, "मी राक्षस आहे का?" त्यानंतर वर्षभर हा विषय आमच्यात निघाला नाही. शेवटी ती बदलली ती मावशीमुळे. मावशी एका दुपारी नुसतं म्हणाली, "मी माझ्या मुलीचं केलं नाही, आणि कोणाला सांगितलंही नाही." मम्मी तिच्याकडे बघतच राहिली. माझ्या धाकट्या बहिणीचं झालं नाही.

ह्या प्रथेवर बंदी मागणारी याचिका २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात दाखल झाली, २०१८ मध्ये ती मोठ्या घटनापीठाकडे गेली. तिथेही समर्थक बायकांचं म्हणणं असंच की आमचं 'खफ्ज' (आमच्यात ह्या विधीला हाच शब्द) आहे, ते विच्छेदन नव्हेच. शाल्मलीताई, तुमचा "थोडंसं" हा शब्द वाचून मी हसू की रडू असं झालं. अगदी तोच शब्द वापरतात.

डॉ_शाल्मली :

सारा, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

रानवारा :

सारा, माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण आता तो तसाच लिहिला नसता.

मुक्ताई_के :

सारा, काल रात्री तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आईवरचा तो प्रश्न मी का खोडला, हे मी चार परिच्छेदांत लिहिणार होते. तुमच्या मम्मीच्या एका वाक्यात ते आलं.

तुमच्या मावशीचं वाक्य मला चीनमधल्या मुलींचे पाय लहान राहावेत म्हणून घट्ट बांधण्याच्या प्रथेकडे घेऊन गेलं. गेरी मॅकी ह्या अभ्यासकाने १९९६ मध्ये ह्या दोन प्रथा शेजारी ठेवून एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की दोन्हीकडे आई क्रूर नसते, ती अडकलेली असते. सगळ्यांच्या मुली तशा असताना एकटीने थांबायचं म्हणजे लेकीचं लग्न पणाला लावायचं. कितीही पटलं तरी एकटी आई थांबू शकत नाही. चीनमध्ये नैसर्गिक पायांच्या मंडळ्या निघाल्या, त्यातले आईबाप दोन शपथा घ्यायचे : मुलीचे पाय बांधणार नाही, आणि बांधलेल्या पायांची सून आणणार नाही. ही दुसरी शपथ मला फार महत्त्वाची वाटते. हजार वर्षांची प्रथा त्यानंतर एका पिढीत बहुतेक ठिकाणी मोडली.

सेनेगलमध्ये हेच वेगळ्या वाटेने घडलं. मालिकुंडा बंबारा नावाचं गाव. तोस्तान ह्या संस्थेच्या वर्गांत तिथल्या बायका आरोग्य, हक्क, आपल्याच शरीराची माहिती शिकत होत्या. कोणी त्यांना "हे सोडा" म्हटलं नव्हतं. जुलै १९९७ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की आमच्या गावात आता हे होणार नाही. मग केर सिंबारा गावचे इमाम देंबा जवारा पुढे आले. त्यांचं म्हणणं साधं होतं : आमच्या सोयरिकी दहा गावांत आहेत, एकट्या गावाने ठरवून भागणार नाही. ते गावोगाव चालत गेले आणि पाहुण्यांशी बोलले. फेब्रुवारी १९९८ मध्ये तेरा गावांनी मिळून घोषणा केली. सेनेगलचा कायदा त्यानंतर आला, १९९९ मध्ये. लेखाच्या शेवटी नुसती कायद्याची मागणी आहे, तिला मी हाच क्रम दाखवला. कायदा हवाच. पण गांबियात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२४ मध्ये ती उठवायचं विधेयक संसदेत आलं. जुलैमध्ये ते फेटाळलं गेलं तोवर तिथल्या बायकांचा जीव टांगणीला होता.

आणि 'हराम की बोटी'वर एक. सुदानमध्ये खतना न झालेल्या मुलीला 'गल्फा' म्हणत, ती शिवीच होती. खतन्याला मात्र शुद्धी ह्या अर्थाचा शब्द. न केलेल्या मुलीसाठी चांगला शब्दच वापरात नव्हता. २००८ मध्ये तिथे 'सलीमा' नावाची मोहीम निघाली. सलीमा म्हणजे अखंड, धडधाकट, देवाने जशी दिली तशी. मुलीचं नाव म्हणूनही ते ठेवतात. पातं नाही, रक्त नाही, कोणावर आरोप नाही. आईला लेकीबद्दल अभिमानाने उच्चारता येईल असा एक शब्द दिला. मी इतकी वर्षं भाषा शिकवते, पण शब्दावर इतकं मोठं काम सोपवलेलं मी क्वचित पाहिलं आहे.

ऋतुजा_स :

ह्यावरून विचारते, मराठीत काय म्हणायचं? 'सुंता' म्हटलं की मुलग्यांसारखंच वाटतं. 'विच्छेदन' म्हटलं तर सारासारख्या वाचकाला पुन्हा काहीतरी तुटलेली वस्तू असल्यासारखं वाटेल.

सारा_ब :

मला 'विच्छेदन' कायद्यात चालेल. घरात बोलताना नको. घरात 'खतना'च म्हणा, तो शब्द मम्मीला कळतो.

मुक्ताई_के :

चार दिवसांनी धागा वर काढते आहे. विद्यार्थिनीने सगळे प्रतिसाद वाचले आणि सुरुवात नव्याने लिहून दिली. तिच्या परवानगीने :

"मुलगी सात वर्षांची झाली त्या महिन्यात तिच्या आईने तीनदा दिवस ठरवला आणि तीनदा पुढे ढकलला. स्वतःचा दिवस तिला आठवत होता. पण लेक तशीच राहिली तर उद्या तिला कोण करून घेईल, हेही तिला दिसत होतं. परंपरा मोडायची तिची हिंमत नव्हती. दोन घरं सोडून राहणारी शेजारीणही आपल्यासारखीच दिवस पुढे ढकलते आहे, हे तिला ठाऊक नव्हतं."

सारा, तुम्ही वाचाल का?

सारा_ब :

वाचलं. दोनदा. शेजारणीचं वाक्य ठेवा.

'परंपरा' तेवढं काढा. मम्मीने तो शब्द कधी वापरला नाही. ती म्हणायची, "सगळ्यांचं होतं."

मुक्ताई_के :

बदलायला सांगते.